कुडव्याच्या नाक्यावर बंद पडणारी व्हॅन

आधीच सांगतो, मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. ज्या रागातून हे लिहितो आहे तो अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे.

ओमेश्वरीवहिनी आमच्या कामठ्याच्या. तिलकभाऊ पटल्यांची बायको. माहेर दरेकशाचं, डोंगरातलं. तिलकभाऊंनी सात-आठ वर्षांपूर्वी एक जुनी व्हॅन घेतली, सीटखाली इंजीन असलेली, डब्यासारखी. गावातली बारा पोरं गोंदियाच्या शाळेत न्यायची, संध्याकाळी परत आणायची. पुढे त्यांच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. गावाला वाटलं, आता व्हॅन विकणार. वहिनींनी विकू दिली नाही. धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, त्या गाडी शिकल्या. तिलकभाऊ बाजूला पाठीला उशी लावून बसायचे आणि वहिनी बांध चुकवत, धसकटांवरून गचके खात फेऱ्या मारायच्या. बांधावर उभं राहून हसणारे लोक मी पाहिले आहेत. वहिनींनी लायसन काढलं, शाळेच्या गाडीचे सगळे कागद केले आणि पुढच्या सोमवारी दारात येऊन हॉर्न वाजवला. हसणाऱ्यांचीच पोरं त्यात बसली. माझी रिंकूही बसली.

चार वर्षं गाडी घड्याळासारखी चालली. मी गोंदियाला औषधाच्या दुकानात कामाला आहे. माझी मोटारसायकल जितक्या वेळा रस्त्यात उभी राहिली असेल, त्याच्या निम्म्याही वेळा ती व्हॅन उभी राहिली नव्हती. याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

मागच्या नवरात्रात व्हॅन तापू लागली. वहिनींनी ती कुडव्याच्या अलीकडे कैलाश उस्तादच्या गॅरेजमध्ये टाकली. कैलाशनं इंजिनाचं हेड उतरवलं, गास्केट बदललं आणि चार दिवसांनी गाडी दिली. तापणं थांबलं. पण वेगळंच दुखणं सुरू झालं. सकाळी गाडी एका झटक्यात चालू व्हायची आणि कामठ्याहून छान निघायची. कुडव्याच्या नाक्यावर गर्दीत थांबली की इंजीन अडखळायला लागायचं. आधी एक ठोका चुकायचा, मग दोन, मग सगळी गाडी अंगात हिंव भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न, आत बारा पोरं.

वहिनी कैलाशकडे गेल्या. त्यानं प्लग बदलले. आठवड्यात पुन्हा तेच. त्यानं पेट्रोल खराब आहे म्हणून टाकी रिकामी करून घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कॉइल बदलली. दर वेळी त्याची एकच रीत होती. गाडी संध्याकाळी सोडून जा, सकाळी बघतो. सकाळी अकराला तो चावी फिरवायचा, रात्रभर गार पडलेलं इंजीन मिनिटभर गुरगुरायचं, आणि तो हात पुसत म्हणायचा, "मख्खन चल रही है." चौथ्यांदा त्यानं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "भाभीजी, गाडी में कुछ नही है. आपका पैर क्लच पे रहता है."

"गाडी उभी राह्यते तवा बंद पडते, उस्ताद. न्यूट्रलमंधी. क्लचचा काय संबंध?"

"वही तो आपको समझ नही आएगा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे वाक्य वहिनींच्या आधी गावात पोचलं. चहाच्या टपरीवर, गिरणीवर, सोसायटीत, जिथे जावं तिथे एकच बोलणं, बाईचा पाय क्लचवर राहतो. क्लच कुठे असतो हे ज्यांना ठाऊक नाही, तेही मान हलवून सांगत होते. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर पालकांची बैठक बसली. आमच्यातले वडीलधारे भैयाजी बिसेन मधोमध बसले. त्यांचा नातूही त्याच गाडीत जातो. आमगावकडच्या एका माणसाची नवीकोरी गाडी तयार होती. भैयाजी म्हणाले, "गाडी आणखी एक डाव बंद पडली, तं एक तारखेपासून लेकरं तिकडं. ज्याइले पटते त्याइनं हात वर करा."

वहिनी तिथेच, खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोष माह्या पायात नाई, गाडीत आहे. मले आठ दिवस द्या, मी दाखवतो." एकेक हात वर जाऊ लागला. मी इकडेतिकडे पाहिलं. आणि माझाही हात वर गेला.

घरी नूतननं, माझ्या बायकोनं, ताट वाढता वाढता विचारलं, "तुमाले गाडीतलं काय समजते?"

"काहीच नाही."

"मंग हात कायले वर केला?"

मी तिच्यावरच ओरडलो. ती शांतपणे भाजी वाढत राहिली. त्या रात्रीची भाकर मला गोड लागली नाही, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल पंक्चर असल्याचं सांगून व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलो. मोटारसायकल अंगणात धडधाकट उभी होती आणि ती वहिनींना दिसत होती. समोर काचेपाशी रिंकूची एक जुनी वही होती. मी ती उघडली. आत वहिनींच्या गोल अक्षरात रोजची ओळ होती. कामठा, गार, चांगली. नाका, गरम, अडखळली. पाय दिला, बरी. पाय काढला, अडखळली. सोळा दिवस सलग तेच. ज्या बाईला काही समजणार नाही म्हणून सांगितलं गेलं, तिनं सोळा दिवस हे लिहून ठेवलं होतं. हात वर करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या घरी मिळून असा एक कागद निघाला नसता.

"एक्सिलेटर दाबला का चांगली चालते," वहिनी रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाल्या. "उभी राहून गुरगुरते तवाच बिघडते. आन् गरम झाल्यावरच. हापशीचं वायसर गेलं का कशी पान्यासोबत हवा ओढते, तसं काईतरी आहे. कुठूनतरी चोरून हवा घेऊन राहिली."

"मग उस्तादला सांगायचं."

"सांगतलं ना. तो आयकते का माह्यं?"

नाका जवळ आला तशी मागची पोरं गप्प झाली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी गाडीत बाजार भरवणारी आठ-दहा वर्षांची पोरं खाली माना घालून इंजिनाचा आवाज ऐकत होती. रोज असंच होत असणार. पुढे धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर एकदम थांबला. वहिनींनी ब्रेक दाबला, आणि तो नीट लागेचना. त्या सीटवरून अर्ध्या उभ्या राहिल्या, सगळं वजन पायावर टाकलं, तेव्हा कुठे व्हॅन ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. खाली इंजीन थरथरू लागलं. वहिनींनी एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्या पायाच्या टाचेनं एक्सिलेटर अशी काहीतरी कसरत करून त्याला जिवंत ठेवलं. गाडी बंद पडली नाही.

शाळेच्या फाटकाशी पोरं उतरली. वहिनींनी गाडी भिंतीच्या कडेला घेतली, पण इंजीन बंद केलं नाही.

"ब्रेक असा आजच लागला," त्या म्हणाल्या. "आता काईबी होवो, लेकरं या गाडीत बसनार नाईत. बैठकीत हरलो तं हरलो. उतरा भाऊ, सीट उचला."

मी खाली उतरून सीट वर केली. खालून गरम वाफ तोंडावर आली. वहिनी वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी नाकानं दोनदा खोल श्वास घेतला.

"लाख," त्या म्हणाल्या.

मला काहीच कळलं नाही. मला तेल आणि जळकं रबर एवढाच वास येत होता.

"लाख आहे, भाऊ. गरम लाख. माह्या बापानं जनमभर पळसाची लाख काढली. विळ्याच्या मुठी आमी घरी लाखेनंच बसवत होतो, चुलीवर वितळवून. हा वास मी झोपेतबी सांगन."

इंजिनाकडून ब्रेकच्या डब्याकडे एक जाड रबरी पाइप जातो. त्याच्या तोंडाशी, जिथे तो लोखंडी नळीवर बसतो, तिथे तांबूस काळा लेप होता. वहिनींनी काडीनं टोचलं. लेप गुळाच्या पाकासारखा ताणला गेला. कान जवळ नेला तेव्हा मलाही ऐकू आलं, बारीक फुसफुस, कोणीतरी दातांतून श्वास ओढावा तशी.

रिंकू पाण्याची बाटली गाडीत विसरली होती. वहिनींनी बाजूच्या तारांवर पाणी उडू नये म्हणून चिंधी धरून त्या सांध्यावर गार पाण्याची बारीक धार सोडली. फुसफुस थांबली. आणि इंजीन, ते दीड महिना हिंव भरल्यासारखं थरथरणारं इंजीन, एका क्षणात सरळ झालं. आधीच्या चार वर्षांतला आवाज होता तो. अडीच-तीन मिनिटांनी सांधा पुन्हा तापला, लाख मऊ झाली, फुसफुस सुरू झाली आणि थरथर परत आली. पुन्हा पाणी, पुन्हा सरळ.

मग त्यांनी मला समजावलं, आणि त्या दिवसापासून मी ते विसरलो नाही. इंजीन हवा ओढतं, पण ती मोजून आत गेली पाहिजे, कारण पेट्रोल त्या मापानं पडतं. वाटेत फट असली की न मोजलेली हवा शिरते. जोरात पळताना इंजीन इतकी हवा घेतं की ही चोरटी हवा त्यात लपून जाते. उभ्या गाडीत इंजिनाला हवा थोडीच लागते, तिथे ती जास्त होते आणि ठोके चुकतात. ब्रेकला जोर मिळतो तोही याच ओढीतून. पाइप फाटला की ब्रेकचा जोरही जातो. हेड बसवताना कैलाशच्या हातून पाइपाचं तोंड चिरलं होतं आणि त्यानं लाख लावून ते बुजवलं होतं. सकाळी लाख दगडासारखी कडक, म्हणून त्याच्याकडे गाडी मख्खन. नाक्यावर येईपर्यंत लाख मऊ.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बारा पोरं! माझी रिंकू त्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली होती.

"चला," वहिनी म्हणाल्या. "इंजीन बंद करत नाई. गरमच नेऊ त्याच्याकडं. तुमी सोबत या. तो माह्याशी बोलत नाई, मानूस दिसला तं बोलते. पन तुमी फकत उभे राहा. बोलू नका."

गॅरेजमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती. वहिनींनी व्हॅन मधोमध आणून उभी केली, थरथरत. कैलाश माझ्याकडे आला. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. "बोलिये साहब, क्या प्रॉब्लम है?"

मी तोंड मिटून उभा राहिलो. वहिनींनी सीट उचलली. "उस्ताद, इकडं पाहा."

"साहब, आप ही बताओ," तो मलाच म्हणाला.

"त्याइले नका विचारू," वहिनींचा आवाज चढला, तसे सगळे वळले. "गाडी माही आहे. चालवतो मी. काऊन, माह्याशी बोलाले जीभ जड होते का? आयका. हा आवाज आयका." त्यांनी बाटली उपडी केली. धार पडली आणि इंजीन सरळ झालं. "आता थांबा." सगळे थांबले. कोणी विडी विझवली, कोणी जवळ आलं. तीन मिनिटांनी फुसफुस, आणि थरथर. वहिनींनी काडीला लागलेली लाख त्याच्या नाकाशी धरली. "ही कोन्या कंपनीची आहे, उस्ताद?"

त्याच्या मागच्या फळीवर लाखेची कांडी पडली होती. कानशीच्या आणि पेचकसाच्या मुठी तो तिनंच बसवत असे. सगळ्यांनी फळीकडे पाहिलं.

कैलाश हसला. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "साहब, आप तो समझते हो. पाइप नागपूर से मंगाना पडता, चार दिन लगते. इनको गाडी सोमवार को चाहिए थी. चार महिना चल जाता आराम से."

"मला काय सांगतो?" मी ओरडलो. वहिनींचं सांगणं मी तिथेच मोडलं. "ब्रेक लागला नाही आज सकाळी! आत माझी पोरगी होती! ज्यांच्या पायाला गावभर बदनाम केलंस त्यांना सांग!"

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "बोलू नका म्हटलं होतं ना."

मी मागे सरकलो. कैलाशनं फोन फिरवला आणि पाइप नागपूरहून आला नाही. गोंदियाच्या बाजारातून अर्ध्या तासात आला. दीड महिना जो मिळत नव्हता तो अर्ध्या तासात! त्यानं तो बसवला, खाली मान घालून. वहिनी बाजूला उभं राहून प्रत्येक क्लिप स्वतः ओढून पाहत होत्या. इंजीन गरमच होतं. तासभर उभं ठेवलं तरी एक ठोका चुकला नाही. कैलाशनं माफी मागितली नाही. जाताना मला मात्र म्हणाला, "अच्छा साहब, ध्यान रखना गाडी का."

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बसली. वहिनींनी जुन्या पाइपाचा लाख लागलेला तुकडा भैयाजींपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. मीही उठून सांगितलं, आणि माझा हात चुकीचा वर गेला होता हेही सांगितलं. तुकडा हातोहात फिरला. लोकांनी वास घेतला, माना डोलावल्या, कैलाशला दोन शिव्या हासडल्या. मग भैयाजी म्हणाले, "ठीक आहे. लेकरं याच गाडीत जातीन. पन एक करा. महिन्यातून एक डाव गाडी दाखवाले नेताना सोबत मानूस पाह्यजे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "प्रफुलभाऊ, तुमी जात जा. तुमाले आता समजते."

पुन्हा हात वर गेले. सगळ्यांचे. फक्त माझा नाही. मी उभा राहून म्हणालो, "मला काही समजत नाही, समजतं ते त्यांना," पण बैठक उठायला लागली होती, चपला शोधणं सुरू झालं होतं. मला त्या ओट्यावर कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं.

वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "येऊ द्या भाऊले," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पन मागच्या सीटवर बसतीन. लेकरं बसतेत तिथं."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मागच्या सीटवर बसतो, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. वहिनी आता दुसऱ्या एका मेकॅनिककडे जातात. गाडी इथून गरम नेतात, सीट उचलतात, कान लावतात, बोट फिरवतात आणि हात मागे करतात. मी बाटली देतो. एवढंच माझं काम. नाक्यावर पोरं आता गप्प होत नाहीत, गाडी थांबली तरी कलकलाट चालू असतो, हे रिंकू सांगते.

परवा टपरीवर भैयाजी भेटले. चार लोकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मस्त ठेवली हो गाडी तुमी." मी सांगितलं, गाडी ओमेश्वरीवहिनी ठेवतात, दोष त्यांनीच शोधला, मी फक्त बाटली धरतो. मी हे प्रत्येकाला सांगतो, ओरडून सांगतो. भैयाजी हसले आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "पाहा, किती साधा मानूस आहे."